उन्हाळीचे जंतु आणि बोथट होणारीं औषधें

परभणीकडचा उन्हाळा ज्यांनीं एकदां तरी अनुभवला आहे, त्यांना एका दुखण्यास आपल्या भाषेनें 'उन्हाळी' हें नांव कां दिलें, हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो, काळी जमीन भेगाळते, दुधना व पूर्णा यांच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसूं लागते. आणि अशा दिवसांत घरांतील एखादी बाई वरचेवर उठूं लागते, कोणाशीं कांहीं बोलत नाहीं, आणि स्वयंपाकघरांत जाऊन निमूटपणें धने-जिरें भिजत घालते. लघवीला आग होणें, ती थेंबथेंब होणें, होऊनहि मोकळें न वाटणें, हीं या दुखण्याचीं लक्षणें. आणि धन्या-जिऱ्याचें पाणी, माठांत टाकलेला वाळा, सब्जाचें बीं, गोखरूचा काढा, हे त्यावरील घरगुती उपचार. पुष्कळदां तेवढ्यानें बरें वाटतें. कधीं कधीं मात्र वाटत नाहीं. ताप चढतो, थंडी वाजते, कंबरेच्या वर एका कुशींत दुखूं लागतें, आणि जें दुखणें सांगण्यासारखें नव्हतें तेंच जिवावर बेततें.

या दुखण्याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. तो वाटतो तितका लहान नाहीं. त्यांत म्यूनिकच्या एका बालवैद्याची प्रयोगशाळा आहे, कलकत्त्याच्या एका संशोधकाची चिकाटी आहे, पिंपरीचा कारखाना आहे, जपानांतील हगवणीची सांथ आहे, आणि अगदीं अलीकडे मुंबईंतील एका रुग्णालयानें दिलेला धोक्याचा इशाराहि आहे. शिवाय हा इतिहास पुरा झालेला नाहीं. त्याचें शेवटचें प्रकरण सध्यां आपल्याच घरांतील औषधांच्या डब्यांत लिहिलें जात आहे, आणि म्हणून तो सांगण्याची कांहीं निकड आहे.

आपल्या वैद्यकास हें दुखणें फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. चरकसंहितेंत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांचें वर्गीकरण दोषांच्या आधारें, तसेंच अश्मरी म्हणजे मूतखडा यासारख्या कारणांवरून केलें आहे. लोकांनीं त्याचा संबंध उष्णतेशीं जोडला. आणि हा समज अगदींच चुकीचा होता असें म्हणतां येणार नाहीं. ऊन तापलें म्हणजे घाम अधिक येतो, लघवी कमी व दाट होते, आणि मूत्राशय वारंवार धुवून निघण्याची जी निसर्गाची व्यवस्था आहे ती मंदावते. नुसत्या उष्णतेनेंहि आग होऊं शकते, आणि अशा वेळीं भरपूर पाणी पिणें हाच खरा उपाय ठरतो. परंतु उष्णता ही वाट मोकळी करून देते. त्या वाटेनें जो येतो तो निराळाच असतो.

त्याची ओळख पटण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. पाश्चर यानें १८६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, उकळून निर्जंतुक केलेली लघवी हवेंतील जंतूंपासून सुरक्षित ठेवल्यास नासत नाहीं, आणि जंतूंचा संसर्ग होतांच ती त्यांच्या वाढीस उत्तम खाद्य ठरते. १८८१ सालीं मँचेस्टर येथील डॉक्टर विल्यम रॉबर्ट्स यांनीं रुग्णाच्या ताज्या लघवींतच जंतु आढळतात हें नमूद केलें. पुढें १८८५ सालीं म्यूनिक येथें थिओडोर एशेरिख या तरुण बालवैद्यानें तान्ह्या मुलांच्या विष्ठेंतून एक काडीसारखा जंतु वेगळा काढला. तो प्रत्येक निरोगी मुलाच्या आंतड्यांत जन्मानंतर थोड्याच काळांत वस्तीस येतो, असें त्यास दिसून आलें. त्यानें त्यास आंतड्यांतील सामान्य जंतु अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें संशोधकाच्याच नांवावरून तो 'एशेरिखिआ कोलाय', किंवा थोडक्यांत 'ई. कोलाय', या नांवानें प्रसिद्ध झाला.

आंतड्यांत हा जंतु शेजाऱ्यासारखा नांदतो. पण १८९४ सालीं याच एशेरिखनें लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहाचें वर्णन केलें, आणि त्या दाहास कारण म्हणून आपल्याच ओळखीच्या या जंतूकडे बोट दाखविलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, अशा साध्या मूत्रमार्गदाहाच्या चार रुग्णांपैकीं तिघांत तरी हाच जंतु आढळतो. स्त्रियांच्या शरीरांत बाहेरून मूत्राशयापर्यंतची नलिका सुमारें ४ सेंटिमीटर इतकीच लांब असते; त्यामुळें जंतूस प्रवास थोडा पडतो, आणि सुमारें निम्म्या स्त्रियांस आयुष्यांत एकदां तरी हें दुखणें होतेंच. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत या बाजूस कापूस वेचणाऱ्या व खुरपणी करणाऱ्या बाया दिवसभर उघड्या शेतांत असतात. आडोसा नाहीं म्हणून त्या पाणीच बेतानें पितात. शाळेंत जाणाऱ्या मुली, एस्. टी.नें लांबचा प्रवास करणाऱ्या शिक्षिका, यांचीहि स्थिति निराळी नसते. नलिका आंखूड असणें ही निसर्गाची गोष्ट झाली. पाणी न पिण्याची सक्ति ही मात्र आपण केलेली आहे.

आतां एक प्रश्न उभा राहतो, आणि तो एशेरिखच्या पाठीमागून येणाऱ्या दोन पिढ्यांना सुटला नाहीं. एकच जंतु आंतड्यांत निरुपद्रवी आणि मूत्रपिंडांत प्राणघातक, हें कसें? तो नुसताच जागा चुकून आलेला पाहुणा आहे, कीं मुळांतच दोन जातींचे जंतु एका नांवाखालीं वावरत आहेत? १९२१ सालीं लंडनच्या डजन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मूत्रमार्गाच्या रोग्यांतील हे जंतु तपासले, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळ जंतु रक्त घातलेल्या खाद्यावर वाढवले असतां आपल्या भोंवतालच्या रक्तपेशी फोडून टाकतात, असें दिसून आलें. म्हणजे त्यांच्याजवळ कांहीं तरी विष होतें. परंतु तें विष हेंच रोगाचें कारण, कीं केवळ एक योगायोग, हें सांगण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें.

विषाचा माग कसा काढावा याचा धडा एका भारतीय संशोधकानें घालून दिला, हें आपणांस अभिमानानें सांगतां येईल. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे यांनीं सशाच्या आंतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस बांधून त्यांत जंतु सोडण्याची साधी व नेमकी पद्धति १९५० नंतरच्या वर्षांत बसविली. १९५६ सालीं त्यांनीं अतिसाराच्या रोग्यांतील ई. कोलाय जंतूंचा याच पद्धतीनें अभ्यास केला. आणि १९५९ सालीं पटकीच्या जंतूंना पूर्णपणें गाळून काढलेला द्रवसुद्धां तोच परिणाम घडवितो हें सिद्ध करून, रोगाचें कर्तृत्व जंतूच्या शरीराकडे नसून त्यानें सोडलेल्या विषाकडे आहे हें दाखविलें. त्यांच्या हयातींत देशांत त्यांचा व्हावा तितका गौरव झाला नाहीं. १९७८ सालीं नोबेल परिसंवादासाठीं त्यांना निमंत्रण आलें, आणि १९८५ सालीं ते निवर्तले.

मूत्रमार्गाच्या जंतूविषयींचें कोडें सुटलें तें १९८० च्या सुमारास, आनुवंशिक गुणांचें बीज जें जनुक, तें एका जंतूंतून काढून दुसऱ्यांत घालण्याची कला साध्य झाल्यावर. १९८१ सालीं अमेरिकेंतील वेल्च, फाल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तपेशी फोडणाऱ्या विषाचीं जनुकें एका निरुपद्रवी जंतूंत घातलीं, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तो जंतु अधिक घातक झाला. डजन यांनीं साठ वर्षांपूर्वीं पाहिलेली गोष्ट योगायोग नव्हती. हें विष पेशीच्या आवरणास भोंक पाडतें. पेशींतील लोह व इतर द्रव्यें बाहेर येतात, आणि लोहासाठीं हपापलेल्या जंतूस तीं आयतींच मिळतात. १९८३ सालीं रोम येथें दुसरें एक विष सांपडलें. तें पेशीच्या अंतर्गत सांगाड्याचें नियंत्रणच बिघडवून टाकतें. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनीं तत्पूर्वींच असें दाखविलें होतें कीं, रोग करणारे जंतु मूत्रमार्गाच्या अस्तरास घट्ट चिकटून राहतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे तंतु असतात आणि त्या तंतूंच्या टोकांस जणूं गळच असतो. लघवीचा लोंढा त्यांना वाहून नेऊं शकत नाहीं.

पुढें जर्मनींतील वुर्ट्‌सबुर्ग येथें हॅकर व त्यांचे सहकारी यांनीं एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आणली. विषाचीं, चिकटण्याचीं व लोह ओढून घेण्याचीं हीं जनुकें जंतूच्या जनुकमालेंत विखुरलेलीं नसून मोठमोठ्या गटांनीं एकत्र बसलेलीं असतात, आणि असा अख्खा गट कधीं गळून पडतो, कधीं बाहेरून येऊन बसतो. त्यांनीं या गटांना 'बेटें' म्हटलें. २००२ सालीं एका मूत्रपिंडदाहाच्या रुग्णापासून मिळविलेल्या ई. कोलायची संपूर्ण जनुकमाला वाचण्यांत आली. प्रयोगशाळेंतील निरुपद्रवी ई. कोलाय, आंतड्यांत रक्तस्राव घडविणारा ई. कोलाय आणि हा तिसरा, अशी तुलना केली असतां, तिघांच्या प्रथिनांपैकीं शेंकडा सुमारें ३९ एवढींच सर्वांत समान निघालीं. एका नांवाखालीं अनेक कुळें नांदत होतीं, आणि प्रत्येक कुळानें आपलीं शस्त्रें उसनीं आणलेलीं होतीं. उसनवारीची ही संवय आपण ध्यानांत ठेवावी, कारण औषधांच्या कथेंतहि तिचीच गांठ पडणार आहे.

आतां औषधांकडे वळूं. सल्फा औषधें येण्यापूर्वीं डॉक्टरांजवळ हेक्झामिनसारखीं, लघवींत उतरून थोडेंफार जंतुनाशन करणारीं, द्रव्यें होतीं. १९३५ सालीं जर्मनींतील डोमाक यांनीं प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगाचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध केला, आणि त्यांतून सल्फा औषधांचें युग सुरू झालें. त्याचे पडसाद मुंबईसहि लौकर उमटले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें, कर्नल साहिबसिंग सोखे हे संचालक असतांना, वागळे, दीक्षित, गणपति प्रभृति संशोधकांनीं प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९४१ सालीं प्रसिद्ध केले. मूत्रमार्गाच्या दाहावरहि हीं औषधें चांगलीं लागू पडत, कारण तीं लघवीवाटेंच शरीराबाहेर जातात.

पेनिसिलिनची हकीकत तर या विषयाशीं फारच चमत्कारिक रीतीनें जोडलेली आहे. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें एका पोलीस शिपायास तें रोगनिवारणासाठीं टोंचण्यांत आलें. औषध इतकें थोडें होतें कीं, त्याच्या लघवींतून बाहेर पडलेलें पेनिसिलिन पुन्हां काढून घेऊन त्यासच टोंचण्यांत येई. तो सुधारूं लागला. पण औषध संपलें, आणि तो मार्चमध्यें दगावला. ज्या औषधाचा कण न् कण अशा रीतीनें वेंचून ठेवला जात होता, त्याच औषधाच्या गोळ्या आज आपण उरल्या म्हणून कपाटांत टाकून देतों. याहूनहि अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट त्याच्या दोन महिने आधींची आहे. १९४० च्या डिसेंबरांत, म्हणजे त्या शिपायास पेनिसिलिन टोंचण्यापूर्वीं, ऑक्सफर्डच्याच अब्राहम व चेन यांनीं एक छोटें टिपण प्रसिद्ध केलें. पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य एका जंतूच्या अर्कांत सांपडलें, असें त्यांत म्हटलें होतें. तो जंतु दुसरा कोणी नसून एशेरिखचाच होता. ढाल तलवारीच्या आधींच तयार होती.

हें कसें शक्य आहे, असें आपणांस वाटेल. त्याचें उत्तर असें कीं, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन इत्यादि औषधें माणसानें निर्माण केलेलीं नव्हेत. बुरशी व मातींतील सूक्ष्म जीव तीं करोडों वर्षें करीत आले आहेत. मग त्यांना तोंड देण्याचे उपायहि तितकेच जुने असणार. २०११ सालीं उत्तर ध्रुवाकडील, सुमारें ३०,००० वर्षें गोठून राहिलेल्या मातींत प्रतिकाराचीं जनुकें सांपडलीं, तेव्हां या तर्कास प्रत्यक्ष पुरावा मिळाला. माणसानें प्रतिकार निर्माण केला नाहीं. त्यानें फक्त ज्या जंतूजवळ तो होता त्यासच जगूं दिलें व बाकीच्यांस मारलें. १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल व्याख्यान देतांना फ्लेमिंग यांनीं हाच धोका एका काल्पनिक गृहस्थाच्या गोष्टींतून सांगितला होता. हा गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरें घेतो, जंतूंना शिकवून तयार करतो, आणि तेच जंतु त्याच्या पत्नीस होतात. तिच्यावर मात्र औषधाचा उपयोग होत नाहीं.

त्या वेळीं परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेहून मनमाडास जाणारा लोहमार्ग १९०० सालींच या भागांतून गेला होता खरा. परंतु औषध दूर आणि डॉक्टर त्याहून दूर, अशी खेड्यांची स्थिति होती. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि त्याच सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, वैद्यकीय महाविद्यालय निघालें. या घडामोडींच्या मधल्या काळांत पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची त्यास मदत झाली, आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. परदेशांतून मोजून येणारें औषध आपल्याच भूमींत तयार झालें, यांत त्या काळच्या लोकांस वाटलेला आनंद सार्थ होता. ज्या खेड्यांत न्युमोनियानें मुलें आणि बाळंतरोगानें बाया जात होत्या, तेथें या इंजेक्शनानें प्राण वांचले. औषधांचा दोष सांगतांना हें उपकार विसरतां कामा नयेत. आज आपण ज्याची चिंता करतों, ती अशा मोलाची वस्तु हातची जाण्याची चिंता आहे.

पिंपरीचा कारखाना सुरू होत होता, त्याच सुमारास जपानांतून एक विचित्र वार्ता येऊं लागली. तेथें हगवणीचे जंतु एका औषधास नव्हे, तर एकदम चार औषधांस दाद देईनासे झाले होते: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन. शिवाय एकाच रोग्याच्या पोटांतील हगवणीचे जंतु आणि तेथेंच नांदणारे ई. कोलाय, दोघेहि त्याच चार औषधांस पुरून उरत. जंतूंत योगायोगानें फरक होऊन प्रतिकार येतो हें माहीत होतें. पण चार फरक एकदम, आणि तेहि दोन जातींत, हें अशक्य. १९५९ सालीं आकिबा, ओचिआइ इत्यादि संशोधकांनीं सिद्ध केलें कीं, प्रतिकार हा गुण एका जंतूपासून दुसऱ्यास प्रत्यक्ष दिला जातो. दोन जंतु एकमेकांस बिलगतात, त्यांच्यामध्यें एक नळी तयार होते, आणि 'प्लास्मिड' या नांवाचा जनुकांचा एक लहानसा गोल धागा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. देणाराहि आपली प्रत ठेवतो. वाडवडिलांकडून मिळणारा वारसा आपणांस ठाऊक आहे. येथें शेजाऱ्याकडून, नव्हे परजातीकडून, वारसा मिळत होता.

यानंतरच्या पन्नास वर्षांची हकीकत ही एका शर्यतीची आहे. १९५३ सालीं नायट्रोफ्युरँटॉइन आलें, १९६१ सालीं अँपिसिलिन, पुढच्याच वर्षीं नॅलिडिक्सिक आम्ल, आणि १९८० नंतर त्याच वंशांतील नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन. हीं शेवटचीं दोन नांवें महाराष्ट्रांतील कोणत्याहि औषधांच्या दुकानांत लहान मुलांस देखील पाठ झालीं. अँपिसिलिन येऊन पुरतीं पांच वर्षें झालीं नाहींत तोंच अथेन्स येथील एका रोग्याच्या जंतूंत त्याचा नाश करणारें प्रथिन सांपडलें. अधिक बळकट औषधें निघालीं. त्यांनाहि फोडणारीं प्रथिनें १९८३ सालीं जर्मनींत आढळलीं. यांतील एक प्रकार प्रथम भारतांतील जंतूंत ओळखला गेला व त्याचें वर्णन २००१ सालीं प्रसिद्ध झालें. आज तो जगभर पसरला आहे. विषाचीं जनुकें व प्रतिकाराचीं जनुकें हीं नेहमीं एकत्रच असतात असें नाहीं. ज्याच्याजवळ ढाल जाड त्याची तलवार पुष्कळदां आंखूड, असेंहि दिसून आलें होतें. परंतु २००८ च्या सुमारास जगाच्या अनेक भागांत ई. कोलायचें एक असें कुळ आढळलें कीं, ज्याच्याजवळ दोनही होतीं. चिकटण्याचीं व दाह करण्याचीं साधनें त्याजपाशीं होतीं, आणि नेहमींच्या गोळ्या त्यावर चालत नव्हत्या.

त्याच सालीं स्वीडनमध्यें एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या लघवींत एक जंतु सांपडला. तो ई. कोलायचा चुलतभाऊ, क्लेब्सिएला. हा रोगी त्यापूर्वीं दिल्लीच्या रुग्णालयांत राहून आला होता. राखीव म्हणून ठेवलेल्या कार्बापेनेम या औषधांनाहि तो जंतु दाद देत नव्हता. त्या प्रतिकाराच्या जनुकास दिल्लीचें नांव देण्यांत आलें, आणि २०१० सालीं त्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. देशाची बदनामी करण्याचा हा डाव आहे, अशीहि टीका झाली. नांव देण्यांतील औचित्याविषयीं मतभेद असूं शकतो. परंतु परकीयांचा तो गाजलेला लेख येण्यापूर्वीं, त्याच वर्षाच्या मार्चमध्यें, मुंबईंतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं आपल्याच देशांतील वैद्यकीय मासिकांत आपलेच आंकडे प्रसिद्ध केले होते: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकीं २२ जंतूंत हें जनुक आढळलें. घरच्यांनीं शांतपणें सांगितलेलें आपण ऐकलें नाहीं, आणि बाहेरच्यांनीं मोठ्यानें सांगितलें तेव्हां रागावलों.

त्यानंतर कांहीं पावलें पडलीं, हें नमूद केलें पाहिजे. २०१३ सालीं औषधांची 'एच-१' ही नवी अनुसूची जाहीर झाली व १ मार्च २०१४ पासून ती अमलांत आली. तींतील औषधें विकतांना दुकानदारानें डॉक्टरांचें व रोग्याचें नांव नोंदवून ती नोंद तीन वर्षें ठेवली पाहिजे, असा नियम झाला. २०१६ सालीं, चिठ्ठीवांचून घेऊं नयेत अशा औषधांच्या पट्टीवरील तांबड्या उभ्या रेघेकडे लोकांचें लक्ष वेधणारी मोहीम निघाली. २०१७ सालीं राष्ट्रीय कृति-आराखडा तयार झाला. २०१९ च्या जुलैंत कोलिस्टिन हें अखेरचें राखीव औषध अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस व कोंबड्यांस देण्यावर बंदी आली. ही शेवटची गोष्ट परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यास विशेष लागू आहे. येथें १९७२ पासून कृषि विद्यापीठ व पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि लाल कंधारी, देवणी यांसारखीं जनावरें दावणीला बांधणारे शेतकरी आहेत. गाईच्या कासेस सूज आली म्हणून टोंचलेलें औषध व घरधनिणीस उन्हाळी लागली म्हणून घेतलेली गोळी हीं पुष्कळदां एकाच कुळांतील असतात. आणि गोठ्यांतील जंतु व घरांतील जंतु यांच्यामध्यें भिंत नसते.

पण नियम दिल्लींत होतो, आणि गोळी गल्लींत विकली जाते. ज्या बाईस डॉक्टरांकडे जावयास संकोच वाटतो, ती नवऱ्यास किंवा मुलास दुकानांत पाठविते. मुलगा तरी काय सांगणार? 'पोटांत आग होते' असें कांहीं तरी सांगून दोन गोळ्या आणतो. दोन गोळ्यांनीं दुर्बळ जंतु मरतात, बळकट उरतात, आग थांबते, आणि महिन्याभरानें दुखणें परत येतें. मग दुसऱ्या दोन गोळ्या. अशा रीतीनें आपल्या घरांतील लाजच जंतूंची शाळा चालविते. फ्लेमिंगच्या त्या गृहस्थाची पत्नी आपल्याकडे कोण, हें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.

यावर उपाय कांहीं दुर्लभ नाहींत. दुखणें परत परत येत असेल, ताप असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर औषध सुरू करण्यापूर्वीं लघवीची जंतुपरीक्षा करून घ्यावी. त्या परीक्षेंत जंतु वाढवून कोणतें औषध त्यास मारतें हें प्रत्यक्ष पाहतात. निकालास दोन-तीन दिवस लागतात, पण अंधारांत बाण मारणें टळतें. बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनीं १९५६ च्या सुमारास, एक मिलिलिटर लघवींत १,००,००० जंतु असले तर संसर्ग खरा समजावा, असें प्रमाण घालून दिलें. आणि गरोदर स्त्रियांत कांहीं त्रास होत नसतांहि असे जंतु असूं शकतात व पुढें त्यांतून मूत्रपिंडाचा दाह उद्भवतो, हें दाखविलें. म्हणून गरोदरपणींची लघवीची तपासणी टाळूं नये. याउलट, इतर निरोगी माणसाच्या लघवींत त्रासावांचून जंतु सांपडले, तर केवळ कागदावरील आंकड्यासाठीं औषध घेण्याचें बहुधा कारण नसतें. औषध घ्यावयाचें तें डॉक्टरांनीं सांगितलें तितकेच दिवस घ्यावें, मधेंच सोडूं नये, दुसऱ्यास देऊं नये, व उरलेलें जपून ठेवूं नये. या शर्यतींत एक दिलासा असा कीं, १९५३ सालचें जुनें नायट्रोफ्युरँटॉइन या जंतूंवर अद्यापि बरेंच चालतें. मधल्या काळांत नव्या औषधांच्या हौसेनें तें मागें पडलें होतें, आणि कदाचित् त्यामुळेंच त्याची धार शिल्लक राहिली.

धने-जिऱ्याचें पाणी अवश्य प्यावें. पाणी पिणें हें शहाणपणाचेंच आहे. परंतु ज्या घरांत सून सासूस, किंवा मुलगी आईस, 'मला उन्हाळी लागली आहे आणि दोन दिवस झाले तरी उतरत नाहीं' असें मोकळेपणानें सांगूं शकते, त्या घरांत पुढचा अर्धा अनर्थ टळतो. ज्या शेतांत बायांसाठीं आडोसा आहे, ज्या शाळेंत मुलींसाठीं पाणी व दार असलेलें शौचगृह आहे, तेथें कित्येक गोळ्यांचें काम गोळ्यांवांचून होतें. एशेरिखपासून हिंदुजा रुग्णालयापर्यंतच्या सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं या जंतूचीं विषें ओळखलीं, त्याच्या ढाली मोजल्या, त्याची उसनवारी उघडकीस आणली. उरलेलें काम प्रयोगशाळेंतलें नाहीं, तें घरांतलें आहे; आणि येत्या उन्हाळ्याआधीं तें आपण मनावर घ्यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.